अपडेटनंतर गायब झालेला ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट परत कसा आणायचा

मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या झेरॉक्सवाल्या काकांचा सकाळी सकाळी फोन आला. दुकानात अकरावीच्या प्रवेशाची गर्दी, प्रिंटर अडकलेला. अडकलेला प्रिंटर मोकळा करायची त्यांची ठरलेली पद्धत आहे. स्टार्ट बटणावर राईट क्लिक करायचं, यादीतून ‘कमांड प्रॉम्प्ट (ॲडमिन)’ निवडायचं (म्हणजे कॉम्प्युटरला टाईप करून हुकूम द्यायची काळी खिडकी पूर्ण अधिकारांनी उघडायची) आणि ‘नेट स्टॉप स्पूलर’, ‘नेट स्टार्ट स्पूलर’ या दोन ओळी इंग्रजीत टाईप करायच्या. त्या दिवशी यादीत ती ओळच नव्हती. रात्री विंडोज १० जाऊन ११ आलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, “सिस्टिम बिघडलीय, फॉरमॅट मारावं लागेल.”

फॉरमॅट मारायची काही गरज नव्हती. दहा मिनिटांत फोनवर काम झालं. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न दर मोठ्या अपडेटनंतर कुणाला ना कुणाला पडतोच.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. यादीतली ती ओळ हा एक शॉर्टकट, आणि शॉर्टकट म्हणजे नुसती पत्त्याची चिठ्ठी. कमांड प्रॉम्प्ट हा प्रोग्रॅम सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘सिस्टिम ३२’मध्ये असतो, आणि अपडेट त्याला हलवत नाही. चिठ्ठी हरवली तरी घर जागेवरच असतं. म्हणून काहीही डाऊनलोड करू नका. ‘हरवलेला कमांड प्रॉम्प्ट परत मिळवा’ असं सांगणारी सॉफ्टवेअरं तर मुळीच नकोत.

आत्ता लगेच काम अडलंय?

विंडोजचं बटण दाबा आणि सी, एम, डी ही तीन अक्षरं टाईप करा. वर ‘कमांड प्रॉम्प्ट’ दिसला की साधा एंटर मारू नका. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून एंटर मारा. उजवीकडे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ असा पर्याय दिसत असेल तर त्यावर क्लिक केलं तरी तेच होतं.

इथे मराठीत टाईप करणाऱ्यांची हमखास फसगत होते. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर सी-एम-डी दाबल्यावर पडद्यावर ‘मस्’ उमटतं आणि खाली भलतेच निकाल येतात. लोकांना वाटतं कमांड प्रॉम्प्टच उडाला. विंडोज बटण धरून स्पेसबार दाबा, भाषा इंग्रजी करा, मग परत टाईप करा. काकांचंही पहिल्यांदा नेमकं हेच झालं होतं.

आता पडदा थोडा काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते. हे ॲप तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू दे का, असं ती विचारते. ‘हो’ म्हणण्याआधी ती एकदा वाचा. प्रोग्रॅमचं नाव ‘विंडोज कमांड प्रोसेसर’ आणि ‘व्हेरिफाइड पब्लिशर’समोर ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज’ असायला हवं. हे विचारणं २००७ साली व्हिस्टाबरोबर आलं. लोक कंटाळून ते बंद करून टाकतात. तसं करू नका. एखादा चोरटा प्रोग्रॅम ॲडमिनचे अधिकार मागतो तेव्हा तुम्हाला सावध करणारी ही चौकट आहे.

खिडकी उघडली की दोन जागी नजर टाका. वरच्या पट्टीवर नावाआधी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलेलं असतं, आणि काळ्या भागातली ओळ सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२ अशी संपते. त्याऐवजी ‘युजर्स’ आणि पुढे तुमचं नाव दिसलं तर तो बहुतेक साधा कमांड प्रॉम्प्ट आहे. वरच्या पट्टीवरही ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नसेल तर खात्रीच समजा. मग प्रिंटरच्या त्या दोन ओळींना ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर मिळेल.

स्टार्ट मेनूच उघडत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘रन न्यू टास्क’ निवडा, सी-एम-डी टाईप करा आणि खालच्या ‘क्रिएट धिस टास्क विथ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेस’ या चौकटीत टिक करून ओके करा.

ती ओळ गेली कुठे?

स्टार्ट बटणावर राईट क्लिक केल्यावर येणारी यादी विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. विंडोज बटण धरून एक्स दाबलं तरी तीच यादी येते, म्हणून तिला विन-एक्स मेनू म्हणतात. कमांड प्रॉम्प्टच्या दोन ओळी तिथे होत्या, एक साधी आणि एक ॲडमिनची. एप्रिल २०१७ मध्ये विंडोज १० चं ‘क्रिएटर्स अपडेट’, म्हणजे १७०३ ही आवृत्ती आली आणि त्या दोन ओळींच्या जागी पॉवरशेल, म्हणजे हुकूम टाईप करायचा मायक्रोसॉफ्टचाच दुसरा प्रोग्रॅम, बसलं. त्याच वेळी यादीतलं कंट्रोल पॅनेलही गेलं. शिफ्ट धरून फोल्डरमध्ये राईट क्लिक केल्यावर मिळणारी ‘ओपन कमांड विंडो हिअर’ ही ओळसुद्धा पॉवरशेलची झाली. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि यादीत पॉवरशेलच्या जागी ‘टर्मिनल (ॲडमिन)’ दिसू लागलं. टर्मिनल ही नुसती खिडकी, तिच्या आत पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट चालतो.

थोडक्यात, यात बिघाड काही नाही, ती जागा ठरवून बदलली गेली आहे. सूचना न देता बदलली, याचा राग येणं मात्र साहजिक आहे. रोज त्याच जागी हात जाणाऱ्या माणसाला एका ओळीचा फरक पडला तरी सगळं परकं वाटतं.

विंडोज १० असेल तर

हे सगळ्यात सोपं. सेटिंग्ज उघडा, ‘पर्सनलायझेशन’मध्ये जा, डावीकडे ‘टास्कबार’ निवडा. ‘रिप्लेस कमांड प्रॉम्प्ट विथ विंडोज पॉवरशेल’ अशी सुरू होणारी एक लांबलचक ओळ सापडेल. तिचं बटण बंद करा. पुन्हा स्टार्टवर राईट क्लिक करा, ‘कमांड प्रॉम्प्ट (ॲडमिन)’ परत आलेला असेल. मशीन रिस्टार्ट करावं लागत नाही.

एवढं मात्र लक्षात असू द्या की विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणजे आज ना उद्या ११ वर जाणं आहेच, आणि तिथे हे बटण नाही. त्यामुळे पुढचा भागही वाचून ठेवा.

विंडोज ११ मध्ये

स्टार्टवर राईट क्लिक करून ‘टर्मिनल (ॲडमिन)’ उघडा. घाईत असाल तर विंडोज आणि एक्स दाबून नंतर नुसतं ए दाबा. उघडलेल्या ओळीच्या सुरुवातीला पी-एस ही अक्षरं दिसतात, म्हणजे तुम्ही पॉवरशेलमध्ये आहात. काकांच्या त्या दोन ओळी इथेही जशाच्या तशा चालतात. फक्त नाव अनोळखी म्हणून धास्तीने त्यांनी ते उघडलंच नव्हतं.

सगळ्याच जुन्या ओळी मात्र पॉवरशेलमध्ये चालत नाहीत. वहीत लिहून ठेवलेल्या कमांडमध्ये टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये एखादं नाव असेल, किंवा फाईल पुसायच्या कमांडपुढे तिरकी रेघ आणि अक्षर असेल, तर पॉवरशेल लाल अक्षरांत तक्रार करतं. अशा वेळी त्याच खिडकीत सी-एम-डी टाईप करून एंटर मारा. पुढचं पी-एस नाहीसं होतं आणि तुम्ही कमांड प्रॉम्प्टमध्ये येता. ॲडमिनचे अधिकार तसेच राहतात, परवानगी पुन्हा मागितली जात नाही. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते, कारण कोणाच्याही मशीनवर एकही सेटिंग न बदलता ती चालते.

रोज रोज ते टाईप करायचं नसेल तर टर्मिनललाच सांगून ठेवा. खिडकीच्या वरच्या पट्टीवर टॅबशेजारी खाली तोंड केलेला लहान बाण असतो. त्यावर क्लिक करून सेटिंग्ज उघडा. ‘स्टार्टअप’मध्ये ‘डिफॉल्ट प्रोफाइल’ असा रकाना आहे. तिथे ‘विंडोज पॉवरशेल’ऐवजी ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडा आणि खाली ‘सेव्ह’ दाबा. सेव्ह दाबायला बरेच जण विसरतात आणि मग काही बदललं नाही म्हणतात. यापुढे ‘टर्मिनल (ॲडमिन)’वर क्लिक केलं की आत कमांड प्रॉम्प्टच उघडेल.

कधी कधी ‘टर्मिनल (ॲडमिन)’ दिसतं पण क्लिक केल्यावर काहीच होत नाही, किंवा फाईल सापडत नाही असा संदेश येतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज’, त्यात ‘ॲप एक्झिक्युशन एलिअसेस’ इथे जा आणि टर्मिनलच्या नावापुढचं बटण सुरू आहे का पाहा. सुरू असूनही अडत असेल तर ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये टर्मिनल शोधा, तीन टिंबांतून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि आधी ‘रिपेअर’ दाबा. त्याने भागलं नाही तरच ‘रीसेट’. रीसेटने टर्मिनलमधल्या तुमच्या निवडी पुसल्या जातात.

स्वतःचा शॉर्टकट बनवा

माझं मत विचाराल तर खरा उपाय हाच. विन-एक्सची यादी विंडोजची आहे, ती विंडोज कधीही बदलणार. डेस्कटॉपवर तुम्ही बनवलेला शॉर्टकट तुमचा. नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला कोणी हात लावत नाही.

१. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राईट क्लिक करा. ‘न्यू’, मग ‘शॉर्टकट’.

२. पत्ता विचारणाऱ्या रकान्यात फक्त सी-एम-डी टाईप करा आणि ‘नेक्स्ट’ दाबा. पूर्ण पत्ता विंडोज स्वतः शोधतं.

३. नाव विचारलं की ‘कमांड ॲडमिन’ असं काही ओळखू येईल ते द्या. मराठीत दिलंत तरी चालतं. ‘फिनिश’.

४. तयार झालेल्या चिन्हावर राईट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’. ‘शॉर्टकट’ या टॅबवर खाली उजवीकडे ‘ॲडव्हान्स्ड’ बटण आहे. ते दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’पुढे टिक करा. ओके, आणि बाहेर येऊन पुन्हा ओके. दुसरं ओके राहिलं तर टिक टिकत नाही.

५. आता डबल क्लिक करून पाहा. पडदा काळवंडून परवानगी मागितली आणि वर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ दिसलं, की झालं.

प्रॉपर्टीजच्या त्याच टॅबवर ‘शॉर्टकट की’ नावाचा रकाना आहे. त्यात क्लिक करून एखादं अक्षर दाबा, समजा के. रकान्यात कंट्रोल, ऑल्ट आणि के असं आपोआप उमटेल. त्यानंतर या तीन कळा एकदम दाबल्या की ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट हजर. मात्र हा शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेपर्यंतच ही सोय चालते. डेस्कटॉप मोकळा हवा म्हणून त्याला दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकललंत तर कळा काम करणार नाहीत.

टास्कबारवर हवा असेल तर चिन्हावर राईट क्लिक करून ‘पिन टू टास्कबार’ निवडा. विंडोज ११ मध्ये ही ओळ पहिल्या यादीत नसेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये मिळेल.

इव्हेंट व्ह्यूअर, सर्व्हिसेस, कॉम्प्युटर मॅनेजमेंट (डिव्हाइस मॅनेजर आणि डिस्क मॅनेजमेंट याच्याच आत आहेत) अशी बाकीची साधनं हरवली असतील तर विंडोज ११ मध्ये स्टार्टमधल्या सगळ्या ॲप्सच्या यादीत ‘विंडोज टूल्स’ नावाचा फोल्डर शोधा. १० मध्ये त्याचं नाव ‘विंडोज ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’ होतं. लागेल त्या साधनाचा शॉर्टकट तिथून डेस्कटॉपवर पाठवता येतो. ही साधनं ॲडमिन खात्यात आपण होऊन पूर्ण अधिकारांनी उघडतात, ॲडमिनची टिक करत बसायला नको. गेलेलं कंट्रोल पॅनेलही विंडोज ११ मध्ये याच फोल्डरमध्ये ठेवलं आहे.

विन-एक्सची यादीच अर्धवट किंवा रिकामी असेल तर

हे क्वचित घडतं, पण घडलं की माणूस पार गोंधळतो. यादीतल्या नोंदी तुमच्या खात्याच्या एका फोल्डरमध्ये शॉर्टकट म्हणूनच साठवलेल्या असतात. तो फोल्डर असा उघडा. विंडोज आणि आर दाबा. टक्क्याचं चिन्ह, मग लोकलॲपडेटा हा सलग इंग्रजी शब्द, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाईप करून एंटर मारा. उघडलेल्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘विनएक्स’. आत ग्रुप १, २ आणि ३ असे फोल्डर दिसतील.

इथे आपला शॉर्टकट नुसता आणून टाकला तर यादीत दिसत नाही. अनेकांनी तास तास घालवलेत यात. या फोल्डरमधल्या प्रत्येक शॉर्टकटवर विंडोजची एक गुप्त खूण असते, आणि ती नसलेला शॉर्टकट यादीत घेतलाच जात नाही. कुठल्याही प्रोग्रॅमने या यादीत घुसखोरी करू नये म्हणून ही व्यवस्था आहे. ती खूण बनवून देणारी छोटी सॉफ्टवेअरं मिळतात, पण नवख्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

मूळ खुणेसकट असलेली प्रत तुमच्याच मशीनवर असते. सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट’ नावाचा लपलेला फोल्डर आहे. तो दिसावा म्हणून फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ सुरू करा. त्यात ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ असं जात ‘विनएक्स’पर्यंत पोहोचा. आधी तुमच्या खात्यातल्या जुन्या ‘विनएक्स’ला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवा, मग ही प्रत तिथे आणून चिकटवा. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ दाबा. क्षणभर टास्कबार नाहीसा होऊन परत येईल. घाबरू नका, तसंच व्हायचं असतं.

डेस्कटॉपवरचं सगळंच गेलं असेल तर

एकच शॉर्टकट नव्हे तर फोटो, फाईली, वॉलपेपर, सगळंच नवं कोरं दिसत असेल तर प्रकार वेगळा आहे. विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या खात्यात नेऊन बसवलेलं असू शकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर अनेकांच्या बाबतीत असंच झालं होतं. अशा वेळी तिथे नवीन काहीही सेव्ह करू नका. तात्पुरत्या खात्यातून बाहेर पडताच ते पुसलं जातं. मशीन दोन-तीनदा रिस्टार्ट करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने मूळ खातं परत येतं. नाही आलं तर सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर आहे का ते बघा. तो असेल तर फाईली सुरक्षित आहेत. आधी त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, मग जाणकाराला बोलवा.

ऑफिसच्या मशीनवर दोष विंडोज अपडेटचा नसेलही. १३ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसच्या एका सुरक्षा अपडेटने काही संस्थांच्या मशीनवरचे स्टार्ट मेनूतले आणि टास्कबारवरचे शॉर्टकटच पुसून टाकले होते. प्रोग्रॅम मात्र जागेवर होते. नंतर मायक्रोसॉफ्टने शॉर्टकट परत बनवून देणारी स्क्रिप्ट दिली. म्हणून ऑफिसात असं काही दिसलं तर स्वतः खटपट करण्याआधी शेजारच्या टेबलावर विचारा. त्यांचेही गेले असतील तर आयटीच्या माणसाला कळवा.

परवानगीच्या चौकटीत पासवर्ड मागितला तर

‘हो’ आणि ‘नाही’ऐवजी पासवर्ड मागितला जात असेल तर तुमचं खातं बहुतेक साधं आहे, ॲडमिनचं नाही. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘युअर इन्फो’ उघडा. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलेलं आहे का पाहा. नसेल तर शॉर्टकट कितीही बनवले तरी मशीनच्या ॲडमिनचा पासवर्ड लागणारच. घरच्या मशीनवर तो ज्याने मशीन लावून दिलं त्याच्याकडे असतो. त्यावर तोडगा म्हणून विंडोजचं लपलेलं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं सुरू करायला सांगणारे भेटतील. ते बंदच राहू द्या. त्या खात्यात मूळ सेटिंग तशीच असेल तर परवानगीची चौकट येतच नाही, म्हणजे आत शिरलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला रान मोकळं.

ऑफिसात शॉर्टकट नीट बसला, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडला, आणि तरी सर्व्हरवरचा झेड ड्राइव्ह त्यात सापडत नसेल तर काही बिघडलेलं नाही. जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह तुमच्या साध्या अधिकारांना जोडलेले असतात, ॲडमिनच्या खिडकीला ते सहसा दिसत नाहीत. त्या फाईलींचं काम साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करा. फाईल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत सी-एम-डी टाईप करून एंटर मारा. साधा कमांड प्रॉम्प्ट थेट त्याच फोल्डरमध्ये उघडेल.